नवा अल्टरनेटर बसवला, तरी सकाळी सेल्फ घेत नाही: जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगचं दुखणं कसं शोधायचं

डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, बॅटरीही नवी टाकली, तरी आठ-पंधरा दिवसांत ट्रॅक्टर पुन्हा उतारावर लावायची वेळ येते. उसाचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार हमखास येते आणि मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, अल्टरनेटरच डुप्लिकेट निघाला वाटतं." बहुतेक वेळा तसं नसतं. डायनामो तेवढा खाली उतरलेला असतो. त्याच्यासाठी केलेलं वायरिंग, त्याचा कटआउट (बॅटरीचा करंट उलटा शिरू न देणारा डबा), त्याचा अँपिअर मीटर आणि कधी कधी त्याची पुलीसुद्धा ट्रॅक्टरवर तशीच राहिलेली असते. दुखणं तिथं असतं आणि पैसे मात्र दुसऱ्या अल्टरनेटरवर जातात. म्हणून तालुक्याच्या दुकानात जायच्या आधी एक साधा मल्टिमीटर हातात घ्या आणि खाली लिहिलंय तसं तपासत जा.

हे सगळं १२ व्होल्टच्या, मुळात डायनामोवर चालणाऱ्या डिझेल ट्रॅक्टरबद्दल आहे. बी-२७५, एमएफ १०३५, जुने एस्कॉर्ट अशी आपल्याकडं अजून शेतात राबणारी मॉडेलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

डायनामोचा हिशोब कुठं चुकायला लागला

या डायनामोंची ताकद मॉडेलप्रमाणे साधारण ११ ते २२ अँपिअर. ट्रॅक्टर दिवसा नांगरायचा आणि संध्याकाळी गोठ्यात उभा राहायचा, त्या काळात ती पुरत होती. आता पुढचे दोन हेडलाइट ५५ वॅटचे धरले तर ११० वॅट, म्हणजे ९ अँपिअर. मागं रोटाव्हेटरवर उजेड पाडणारा ५५ वॅटचा एक लाइट, साडेचार अँपिअर. ट्रॉलीचे टेललाइट, इंडिकेटर, टेप आणि मोबाईलचा चार्जर वेगळेच. ११ अँपिअरचा डायनामो पूर्ण फेऱ्यांवर असला तरी रात्रभर बॅटरीकडून उसनं घ्यावं लागतं. त्यात कमी फेऱ्यांवर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यापुढं ट्रॅक्टर तासन्‌तास स्लोवर उभे असतात, लाइट चालू असतात, आणि तो सगळा वेळ बॅटरी उतरतच असते. त्यामुळं अल्टरनेटर बसवायचा निर्णय योग्यच आहे. स्लोवरही चार्जिंग देतो हाच त्याचा खरा फायदा, पण तो मिळण्यासाठी बाकीची मांडणी त्याला साजेशी करावी लागते.

आधी तीन मापं

पहिलं माप इंजिन बंद असताना, रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिल्यावर, थेट बॅटरीवर. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या. तोपर्यंत पुढची मापं फसवी येतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पार उतरलेली बॅटरी भरायला अल्टरनेटरला लावलं, की तो बराच वेळ पूर्ण ताकदीनं राबतो, तापतो, आणि मे महिन्याच्या उन्हात इंजिनाच्या गरम हवेत त्याच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) उडतात. नव्या अल्टरनेटरचा पहिलाच दिवस मेलेल्या बॅटरीसोबत जाऊ देऊ नका.

दुसरं माप इंजिन चालू करून, निम्म्या रेसवर, पुन्हा बॅटरीवर. लाइट बंद असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. आता सगळे लाइट लावा. आकडा थोडा खाली येईल, पण १३.५ च्या आसपास तरी टिकला पाहिजे. इंजिन बंद असतानाचाच आकडा कायम राहिला किंवा उतरत चालला, तर चार्जिंग होतच नाही.

तिसरं माप फार थोडे लोक घेतात आणि निम्मी उत्तरं त्यातच असतात. इंजिन चालू, सगळे लाइट चालू. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंट्यावर लावा. क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंट्यावरच टेकवा. मीटर आता वाटेत किती व्होल्ट वाया गेले ते सांगतो. हा आकडा ०.३ च्या आत हवा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत नक्की काहीतरी अडतंय. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, रंग खरवडून, आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर. इथं ०.२ च्या वर गेलं तर अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी, कच्ची आहे.

अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२ आणि बॅटरीवर १३.१, असं मी कितीतरी ट्रॅक्टरवर बघितलंय. म्हणजे अल्टरनेटर आपलं काम चोख करतोय, फक्त माल घरापर्यंत पोचत नाही. अशा वेळी अल्टरनेटर बदलला तर नव्याचंही तेच होणार.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे?

नवीन बसवणाऱ्यानं सगळ्यात आधी हे बघावं. बी-२७५ हा मुळात इंग्लंडातल्या डॉनकास्टरचा ट्रॅक्टर. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि तो आपल्याकडं बनू लागला. त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांना आणि ट्रॅक्टरांना बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असायची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. आजचे बाजारातले अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे. पॉझिटिव्ह अर्थच्या ट्रॅक्टरवर तसा अल्टरनेटर जोडला, की डायोडमधून बॅटरी सरळ शॉर्ट होते. वायर धुमसायला क्षणभरही लागत नाही.

वायरचा रंग बघू नका. इतक्या वर्षांत कितीजणांनी काय जोडलंय त्याचा भरवसा नाही. बॅटरीच्या खुंट्याशेजारची अधिक-वजाची खूण बघा, आणि तिथून केबल कुठं जाते ते हातानं धरून शेवटपर्यंत बघा.

अर्थ बदलायची असेल तर काम अवघड नाही. बॅटरी फिरवायची. पॉझिटिव्ह खुंटा निगेटिव्हपेक्षा जाड असतो, त्यामुळं जुने क्लॅम्प उलटे नीट बसत नाहीत. ते हातोडीनं ठोकून बसवू नका, खुंटा आतून हलतो आणि तिथूनच बॅटरी खराब होते. नवे क्लॅम्प घ्या. सेल्फला काही करावं लागत नाही, उलट जोडला तरी तो त्याच दिशेनं फिरतो. अँपिअर मीटरच्या दोन वायर आपसांत बदला, नाहीतर चार्जिंगला डिस्चार्ज दाखवेल. टेप, एलईडी लाइट, मोबाईलचा चार्जर यांची टोकं मात्र एक-एक करून बदलायलाच हवीत, ती उलटी जोडली तर जळतात.

कटआउट काढायचा, पूर्ण काढायचा

डायनामोला कटआउटचा डबा लागतो, कारण इंजिन थांबल्यावर बॅटरीतला करंट उलटा डायनामोत शिरू नये. अल्टरनेटरमध्ये हे काम डायोड करतात आणि व्होल्ट आवरायचं काम रेग्युलेटर करतो, जो हल्ली बहुतेक आतच असतो. तरीही डबा "असू दे, काय बिघडतंय" म्हणून सर्किटमध्ये ठेवलेला दिसतो. बिघडतं ते असं: खडबडीत रानात डब्यातला संपर्क क्षणभर उघडला, की चालू अल्टरनेटर बॅटरीपासून तुटतो. तेवढ्यात व्होल्ट उसळतात आणि आतला रेग्युलेटर किंवा डायोड जातो. "दर दोन महिन्यांनी अल्टरनेटर जातो" अशी तक्रार असली, की मी आधी हा डबा शोधतो.

डब्यावर 'ए', 'ए-१', 'डी', 'एफ' आणि 'ई' अशी टोकं असतात. काही डब्यांवर 'ए'च्या जागी 'बी' आणि डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यासाठी 'डब्ल्यूएल' असं वेगळं टोक असतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि मग हात घाला. डायनामोकडून येणारी जाड वायर 'डी'वर असते, बारीक वायर 'एफ'वर. 'ए' आणि 'ए-१'च्या वायरी बॅटरीकडं आणि लाइटांकडं जातात. 'डी'ची जाड वायर, 'ए' आणि 'ए-१' या तिन्ही एकत्र एका बोल्टवर पक्क्या आवळा, वर इन्सुलेशन. त्या जाड वायरचं दुसरं टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड, म्हणजे 'बी प्लस' बोल्टवर. लाल दिव्याची वायर जुन्या मांडणीत 'डी' किंवा 'डब्ल्यूएल'वर असते, ती तिथून सोडवून 'एफ'च्या बारीक वायरला जोडा. या बारीक वायरचं दुसरं टोक अल्टरनेटरच्या 'एल' टोकावर जाईल. काही अल्टरनेटरवर त्याच टोकाला 'डी प्लस' किंवा 'इंड' लिहिलेलं असतं. प्लगमध्ये 'आयजी' असं आणखी एक टोक असेल, तर त्याला चावी लावल्यावरच करंट येईल अशी वायर छोट्या फ्यूजमधून द्या. 'ई'ची वायर गुंडाळून बाजूला ठेवली तरी चालते.

हे जोडकाम नुसती पिळलेली वायर आणि वर काळी चिकटपट्टी अशा पद्धतीचं नको. वायरच्या टोकाला लग (बोल्टात बसणारी धातूची कडी) दाबून बसवा. ट्रॅक्टरचा हादरा आणि डिझेलचा ओशटपणा यापुढं चिकटपट्टी एक पावसाळासुद्धा टिकत नाही.

लाल दिवा हा शोभेचा नाही

अल्टरनेटरमध्ये लोहचुंबक कायमचं नसतं. रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, सुरुवातीला थोडा करंट मिळाला तरच तो चुंबक बनतो आणि पुढचं काम सुरू होतं. हा सुरुवातीचा करंट त्या लाल दिव्यातून येतो. १२ व्होल्ट, २.२ वॅटचा साधा पिवळा बल्ब असेल, तर त्यातून सुमारे ०.१८ अँपिअर जातो, आणि तेवढा पुरतो.

दिवा नसला, उडालेला असला किंवा त्या जागी एलईडी बसवलेला असला, तर लक्षण असं दिसतं: ट्रॅक्टर चालू केला, स्लोवर चार्जिंग शून्य. रेस वाढवली की कुठल्यातरी फेऱ्यांवर एकदम चार्जिंग सुरू होतं आणि मग बंद करेपर्यंत चालू राहतं. रोटरच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर तो जास्त फेऱ्यांना कसाबसा उठतो. दिवसभर रानात काम असेल तर हे लक्षातही येत नाही. काट्याच्या रांगेत थोडा पुढं, पुन्हा बंद, पुन्हा सेल्फ असं झालं की बॅटरी बसते.

असाच एक ट्रॅक्टर होता, डॅशबोर्ड अगदी नवाकोरा करून घेतलेला, सगळे दिवे एलईडीचे. त्याचा अल्टरनेटर बदलून झाला होता, बॅटरीही बदलून झाली होती. एलईडीतून करंट इतका थोडा जातो की रोटर जागाच होत नव्हता. एलईडी ठेवायचाच होता, म्हणून त्याला समांतर ६८ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टन्स जोडला. स्लोवर पहिल्याच झटक्यात चार्जिंग सुरू झालं. मालक काका बराच वेळ मीटरकडं बघत उभे होते. म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यासाठी माझी बॅटरी गेली?"

दिव्याची तपासणी अशी. चावी लावा, इंजिन चालू करू नका. दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर अल्टरनेटरचा प्लग काढा आणि 'एल'ची वायर बॉडीला टेकवा. आता लागला तर वायरिंग ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत, बहुधा रोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजलेले. आताही लागला नाही तर बल्ब, होल्डर किंवा वायर. हे करताना 'एल'चीच वायर धरलीय याची खात्री करा; जाड वायर किंवा 'आयजी'ची वायर बॉडीला लावली तर ठिणग्या उडतील.

अजून एक तपासणी आहे, तिला मीटरही लागत नाही. चावी लावलेली, इंजिन बंद. अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या जागी १०-११ चा पाना जवळ न्या. पाना ओढून धरला तर रोटरपर्यंत करंट पोचतोय. ओढच नसेल तर कार्बनपासून दिव्यापर्यंत कुठंतरी तुटलंय. इंजिन चालू असताना हे कधीही करू नका, बेल्ट आणि पंखा शेजारीच असतो.

इंजिन चालू झाल्यावर दिवा पूर्ण विझायला हवा. तसाच लखलखीत राहिला तर बेल्ट बघा, मग रेग्युलेटर. मंद पेटत राहिला तर एखादा डायोड गेलेला असतो, किंवा जाड वायरमध्ये नाहीतर चावीच्या स्विचमध्ये व्होल्ट पडतात. आणि चावी काढल्यावरही दिवा मंद पेटत असेल, तर डायोड शॉर्ट आहे. त्या रात्री बॅटरीचा निगेटिव्ह काढूनच झोपा.

जाड वायर आणि अँपिअर मीटर

डायनामोची वायर ११ ते २२ अँपिअरच्या मापानं ओढलेली. तिच्यातून ३५ अँपिअर जायला लागले की ती तापते, इन्सुलेशन कडक होतं आणि मग तडकतं. ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, ५५-६० अँपिअरचा असेल तर १० ची. घरातल्या फिटिंगची एकतारी कडक वायर वापरू नका. बारीक तारांची लवचिक गाडीची वायर हादऱ्यात टिकते, एकतारी लगजवळ तुटते.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जुन्या जाड वायरऐवजी 'बी प्लस'पासून नवी वायर सरळ सेल्फच्या जाड बोल्टवर, जिथं बॅटरीची केबल येते तिथं नेणं. बॅटरीकडच्या टोकाजवळ फ्यूज हवाच, ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरला ५० चा चालतो. ही वायर एक्झॉस्टपासून लांब न्या. बॉनेटची कड जिथं घासते तिथं रबरी नळीचा तुकडा चढवा.

आता अँपिअर मीटर. जुने मीटर बहुधा ३०-०-३० चे. सकाळी सेल्फ मारल्यावर बॅटरी भुकेली असते, अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं देतो आणि काटा टोकाला जाऊन अडतो. काही दिवसांनी मीटरच्या मागच्या बोल्टाला काळसर डाग दिसतो, मग तिथलं प्लास्टिक वितळतं आणि एक दिवस सगळ्या ट्रॅक्टरचा करंटच जातो. जाड वायर सेल्फवर सरळ नेली, की मीटर या ओझ्यातून सुटतो. पण त्यानंतर लाइट लावले की तो कायम डिस्चार्जच दाखवणार, कारण चार्जिंगचा करंट आता त्याच्यातून जातच नाही. हे बघून घाबरून परत येणारे पुष्कळ. तो मीटर काढून त्या जागी व्होल्टमीटर बसवा, त्यानं जास्त कळतं.

अर्थबद्दल थोडं. डायनामोची अर्थ ब्रॅकेटमधून इंजिनाला मिळायची. आता ब्रॅकेट नवं बनवलेलं असतं आणि वर दोन हात रंग मारलेला असतो. बोल्टाखालचा रंग खरवडा. त्याशिवाय अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ केबलच्या बोल्टापर्यंत एक वेगळी वायर टाका. ती अर्थ केबलसुद्धा गिअरबॉक्सवरून सोडवून, लग चकचकीत होईपर्यंत घासून पुन्हा लावा.

पुली, बेल्ट, ब्रॅकेट

जुन्या डायनामोची मोठी पुली अल्टरनेटरवर चढवली, तर सगळा खटाटोप वाया. हिशोब करून बघा. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची, डायनामोची १०० ची. इंजिन ७०० फेऱ्यांवर असताना डायनामो १,०५० फिरतो. त्याच जागी ६५ मिलिमीटरची पुली असेल, तर अल्टरनेटर १,६०० च्या वर फिरतो आणि स्लोवरही चार्जिंग देतो. इंजिन २,००० वर गेलं तरी तो ४,६०० च्या आसपास राहतो, त्याला काही धोका नाही. बेल्टची रुंदी मात्र पुलीच्या खाचेला जुळली पाहिजे. बेल्ट खाचेच्या तळाला टेकला तर तो घसरणारच, कितीही ताणा.

फिरायच्या दिशेची चिंता नको, अल्टरनेटर दोन्ही दिशांनी करंट देतो. फक्त त्याचा थंडाव्याचा पंखा तिरप्या पात्यांचा असेल तर दिशा बघून घ्या.

जुन्या बाजारातून अल्टरनेटर घेताना एक गोष्ट नक्की बघा. डिझेल जीप-टेंपोच्या अल्टरनेटरला मागं ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनातून ऑइलची नळी लागते. ट्रॅक्टरवर त्याचं काही काम नाही. तो तसाच बसवला, तर ऑइलशिवाय आतली पाती घासून जाम होतात आणि बेल्ट जळतो. पंप नसलेला अल्टरनेटर घ्या. आत ऑइल झिरपलेला तर अजिबात घेऊ नका.

ब्रॅकेट ८ ते १० मिलिमीटर पट्टीचं करा. पातळ पत्र्याचं ब्रॅकेट हादऱ्यानं वेल्डिंगच्या कडेला तडकतं आणि तडा आधी रंगाखाली लपलेला असतो. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून बघा, फट दिसली तर वॉशर किंवा बुश टाकून सरळ करा. बेल्टच्या एका कडेची रबराची भुकटी खाली पडत असेल तर पुली तिरकी आहे. ताण किती? सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. कचकचून ताणू नका. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आहे आणि त्याचं बेअरिंग गेलं तर काम इंजिनपर्यंत जातं. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत सैल पडतो, तेव्हा पुन्हा एकदा ताणावा लागतो. लाइट लावल्यावर किंवा सेल्फ मारल्यावर लगेच किंचाळणारा बेल्ट सैल समजा.

चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी खाली

दिवसा १४.२ येतात, संध्याकाळी बॅटरी भरलेली, सकाळी सेल्फ टक् करून थांबतो. इथं करंट रात्री कुठंतरी गळतोय. चावी काढा, सगळं बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खुंटा यांच्यामध्ये एक बारीक १२ व्होल्टचा बल्ब धरा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये रात्री जागं राहणारं काही नसतं, त्यामुळं बल्ब लागायला नको. लागला, तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा. विझला तर डायोड. नाही विझला तर टेप, हॉर्न, मागचा लाइट एक-एक सोडवत जा. मोबाईलच्या चार्जरची वायर चावीच्या आधीच जोडलेली असते, हे तर नेहमीचं. बल्बऐवजी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मापलं तर नेमका आकडा मिळतो, पण मीटर तसा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

डायोडबद्दल शंका असेल तर इंजिन चालू, लाइट चालू असताना मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर डायोड गेलाय.

याच्या उलट तक्रारही येते: बॅटरीचं पाणी भराभर आटतं, बॅटरीला उग्र वास येतो, हेडलाइटचे बल्ब उडतात. बॅटरीवर १४.८ च्या वर व्होल्ट दिसले तर जास्त चार्जिंग आहे. थेट रेग्युलेटर बदलू नका. बाहेर बसवलेल्या रेग्युलेटरची अर्थ कच्ची असेल किंवा 'आयजी'ची वायर झिजलेल्या चावीच्या स्विचमधून येत असेल, तर रेग्युलेटरला व्होल्ट कमी भासतात आणि तो आणखी वाढवत बसतो. चावी लावून, इंजिन चालू ठेवून 'आयजी'च्या टोकावर आणि बॅटरीवर एकामागून एक मापा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर स्विच बदला.

डायोड कशानं जातात

जुने मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीचा क्लॅम्प काढून बघायचे, लाइट विझले नाहीत की डायनामो चांगला. अल्टरनेटरवर हे करू नका, त्याच क्षणी डायोड किंवा रेग्युलेटर जाऊ शकतो. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीच्या हूकवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, अल्टरनेटरचा प्लग आणि जाड वायरही सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी शेजारी लावा. दुसऱ्या बॅटरीनं चालू करताना टोकं उलटी लागली तर डायोड वाचत नाहीत; अंधारात घाईनं कधीच जोडू नका. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा, लोखंडी पाना बॉडीला आणि पॉझिटिव्हला एकदम लागला तर तो तिथंच चिकटतो.

धुताना पाण्याचा जोरदार फवारा अल्टरनेटरच्या मागच्या जाळीवर धरू नका. मळणीच्या दिवसांत त्या जाळीत भुसा अडकतो, तो कोरड्या हवेनं उडवा.

इतकं सगळं तपासूनही बोल्टवरच १३ च्या वर व्होल्ट येत नसतील, दिव्याची तपासणी दोष आतला दाखवत असेल, तेव्हा अल्टरनेटर उतरवा. दुकानात देताना मापं कागदावर लिहून द्या: इंजिन बंद असतानाचे व्होल्ट, लाइटसकटचे व्होल्ट, बोल्टवरचे व्होल्ट, एसीचा आकडा. मिस्त्री सरळ कार्बन, स्लिप रिंग किंवा डायोडकडं वळेल आणि उगाच आर्मेचरच्या नावाखाली बिल वाढणार नाही. परत बसवताना जाड वायरचा नट आवळून, प्लग खटकन बसल्याची खात्री करून, मगच सगळ्यात शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह लावा.